लहान कसरतपटूचीं पहिलीं वर्षें

आपल्या वऱ्हाडास शरीरसाधनेचें वेड नवें नाहीं. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, आणि १९३६ सालीं मंडळाच्या पथकानें थेट बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं मल्लखांबादि देशी खेळ करून दाखविले. तेव्हां अमरावती-अकोल्याकडील एखाद्या ६ वर्षांच्या मुलीनें जिम्नॅस्टिक्सचा हट्ट धरला, तर आईबापांनीं तो अवश्य पुरवावा. मात्र पदकाची घाई करूं नये, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

या खेळांत बालवयाचें कौतुक फार. १९७६ सालीं मॉंट्रियल येथें रुमानियाच्या नादिया कोमानेचीनें १४ व्या वर्षीं पूर्ण १० गुण मिळविले, आणि विजय बालपणींच मिळवावयाचा असतो, असा पुष्कळांचा समज झाला. परंतु वाढत्या वयांत मनगटाच्या हाडाचें टोंक कोवळें असतें. हातांवर सारा भार घेऊन तीच कसरत दिवसामागून दिवस केल्यास तेथें इजा होते. प्रसंगीं हाडाची वाढहि खुंटते. मुलींच्या आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ गटासाठीं १९९७ पासून १६ वर्षांची अट आहे, ती उगीच नव्हे.

आगरताळ्याची दीपा कर्माकर हिचें उदाहरण पाहा. ती ६ व्या वर्षीं या खेळांत आली. तिचे तळपाय सपाट होते. झेप घेण्यास आणि पाय रोवून उतरण्यास हें मोठेंच वैगुण्य. तें दूर करण्यास पुष्कळ मेहनत घ्यावी लागली. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें व्हॉल्ट या प्रकारांत ती चौथी आली, तेव्हां तिचें वय २३ वर्षांचें होतें. मधलीं १७ वर्षें साधनेंत गेलीं.

आमच्या आखाड्यांची रीतहि हीच. एरंडेल चोळलेल्या मल्लखांबावर आधीं सलामी, मग अढी, मग दसरंग. उड्यांची पाळी मागाहून. पाया कच्चा असतां पुढचा धडा मिळत नसे.

म्हणून पालकांनो, मुलीला पदक केव्हां मिळेल, हें शिक्षकांस विचारण्यापूर्वीं तिला नीट उतरावयास शिकविलें आहे काय, हें विचारा. मनगट दुखतें असें ती म्हणाली, तर तें निमित्त समजूं नका. सराव थांबवून वैद्यकीय सल्ला घ्या. स्पर्धा पुढील वर्षींहि भरेल.