पिवळे कार्ड हातात आले, पुढे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या किनवट भागात गोंड समाजात सोयरिकीची बोलणी सुरू झाली की जाणती माणसे आधी विचारतात, ‘तुमचे देव किती?’ कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात देवांचे. दोन्हीकडचे देव सारखे निघाले तर ती मंडळी भाऊबंद ठरतात आणि बोलणी तिथेच थांबतात. नात्यात नाते होऊ नये म्हणून पूर्वजांनी घालून दिलेली ही रीत आहे आणि मला तिच्याविषयी आदर आहे.

अलीकडे या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न ऐकू येऊ लागला आहे, ‘पोराचे कार्ड कोणते? पोरीचे कोणते?’ हे कार्ड सिकलसेलच्या तपासणीचे. राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. म्हणजे कार्डे वाढत जाणार. पण कार्ड देणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्या कार्डाचा अर्थ समजावून सांगायला तासभर लागतो, आणि पुष्कळदा एक तासही पुरत नाही. या समजावून सांगण्याला जनुकीय समुपदेशन म्हणतात. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

आधी आजार थोडक्यात समजून घेऊ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, मऊ, लवचिक असतात. बारीकातल्या बारीक रक्तवाहिनीतून त्या अंग चोरून निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णात शरीरातला प्राणवायू कमी पडला की या पेशी ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. वाकलेल्या पेशी रक्तवाहिनीत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुंबतो आणि हाडे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्यासारखी झालेली दहा-वीस दिवसांतच संपते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, थकवा कायमचा. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत बहुधा काही कळत नाही. मग एके दिवशी हातापायांची बोटे सुजतात आणि मूल रडायचे थांबत नाही. घरचे म्हणतात, दृष्ट लागली. आई-बापाला त्यासाठी नावे ठेवू नका. धडधाकट दोन माणसांच्या पोटी असे मूल येते, त्याचा उलगडा त्यांना तरी कसा व्हावा?

हा आजार रक्ताच्या एका घटकातल्या अगदी लहानशा बदलामुळे होतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते. ही गोष्ट इंग्लंडमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६ मध्ये शोधली. भारतात सिकलसेल पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला. महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी गावोगाव, पाड्यापाड्यांवर फिरून रक्ततपासण्या केल्या. त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत वाहकांचे प्रमाण शंभरात वीस ते पस्तीस इतके दिसले. यातला परधान समाज आपल्या किनवट-माहूरमध्ये चांगल्या संख्येने आहे. पण हा केवळ आदिवासींचा आजार आहे, असे समजून इतरांनी निश्चिंत राहू नये. अनुसूचित जाती आणि इतर समाजांतही तो आहे.

इतक्या लोकांत हा गुण आला कुठून? त्याचे उत्तर हिवतापात आहे. अँथनी अॅलिसन या डॉक्टरांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की सिकलसेलच्या वाहक मुलांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे घनदाट जंगल, डास आणि हिवताप, तिथे वाहक जास्त जगले आणि त्यांची लेकरेही जगली. ‘आमच्या घराण्यात पाप आहे का?’ असे विचारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे सांगितले की त्याचा चेहरा बदलतो. मला वाटते, समुपदेशनाची सुरुवात टक्केवारीने न करता इथून करावी.

आता वाहक आणि रुग्ण यांतला फरक. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर माणूस रुग्ण. एकच बिघडलेली असेल तर वाहक. वाहक आजारी नसतो. तो शेती करतो, पोलीस भरतीत धावतो, त्याला औषध लागत नाही. वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही. आणि हा आजार शिवण्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. इतके साधे वाक्य सांगितलेले नसल्यामुळे पिवळे कार्ड ट्रंकेच्या तळाशी लपवून ठेवणारी घरे आहेत.

वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाले तर एकही मूल रुग्ण होणार नाही, काही वाहक होतील इतकेच. वाहक आणि वाहक यांचे झाले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मूल रुग्ण असण्याची, चारांत दोन वाहक असण्याची आणि चारांत एक पूर्ण निरोगी असण्याची. इथे सर्वांत मोठा गैरसमज होतो. पहिले मूल आजारी निघाले की लोक म्हणतात, ‘चारांतला एक झाला, आता तीन चांगले.’ तसे नसते. नाणेफेकीत एकदा काटा पडला म्हणून पुढच्या खेपेला छापा पडेलच असे नाही. नाण्याला मागचे आठवत नाही. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तीच. या समजुतीवर विसंबून घरात दोन-दोन, तीन-तीन रुग्ण मुले झालेली असतात, म्हणून हे मी पुन्हा सांगतो. दर वेळी चारांत एक.

आणखी एक बारीक गोष्ट. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी ही केवळ चाळणी आहे. ती होकारार्थी आली तर माणूस वाहक की रुग्ण हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. शिवाय थॅलेसेमियाचा वाहक या चाळणीतून सुटून जातो. एक जोडीदार सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मूल आजारी होऊ शकते. लग्नापूर्वी पुढची तपासणी करून घ्यावी ती यासाठी.

आता पुन्हा देवांकडे येऊ. वेगळ्या देवांत लग्न केले की आपण सुरक्षित, असे अनेकांना वाटते. पण देव चालतात बापाकडून. मामाचे देव वेगळे, म्हणून मामाची मुलगी चालते. गोंडांतच कशाला, उभ्या मराठवाड्यात भाच्याचा मामाच्या मुलीवर हक्क मानतात. रक्तातला गुण मात्र आईकडूनही येतो. मुलाला तो आईकडून आला असेल तर आईच्या सख्ख्या भावात तो असण्याची शक्यता निम्मी, आणि मामाच्या मुलीत पाव. म्हणून समुपदेशक समोर बसल्यावर कागदावर घराण्याचा आराखडा काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वाहक अर्धा रंगवलेला, रुग्ण पूर्ण. कोण लहानपणी गेले, कुणाचे डोळे पिवळे असत, कोण कुणाकडे दिली, असे विचारत विचारत तो तीन पिढ्या मांडतो. अनेक कुटुंबांनी आपले घराणे असे एका कागदावर कधी पाहिलेले नसते.

‘जेनेटिक काउन्सेलिंग’ हे नाव अमेरिकेतल्या शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये दिले. त्याआधीच्या काळात आनुवंशिकतेच्या नावाखाली कुणी मुले जन्माला घालावीत आणि कुणी घालू नयेत हे सरकारे ठरवू लागली होती, आणि जर्मनीत त्याचा शेवट भयंकर झाला. त्यामुळे या नव्या कामात एक नियम पाळला जातो : माहिती पूर्ण द्यायची, निर्णय कुटुंबाचा. ‘हे लग्न मोडा’ असे समुपदेशकाने म्हणायचे नाही आणि ‘काही होत नाही, करून टाका’ असेही म्हणायचे नाही. आपल्याकडे डॉक्टरकडून हुकूम ऐकायची सवय आहे. ‘साहेब, तुमीच सांगा’ म्हणतात. तेव्हा हा नियम पाळणे अवघड जाते, हे मान्य.

नुसते कार्ड वाटले तर काय होते, याचा दाखला ग्रीसमध्ये मिळतो. ऑर्कोमेनोस नावाच्या गावात सिकलसेलचे वाहक पुष्कळ, दर चार-पाच माणसांत एक. तिथेही लग्ने घरच्यांनी ठरवलेली. १९६०च्या दशकात तिथे सर्वांचे रक्त तपासले गेले आणि ज्याला त्याला निकाल सांगितला गेला. काही वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले तेव्हा दिसले की वाहकांवर शिक्का बसला होता, काहींनी निकाल लपवून लग्ने केली होती, आणि वाहक-वाहक अशी लग्ने तपासणी न करता जेवढी झाली असती जवळपास तेवढीच झाली होती. याउलट सायप्रसमध्ये थॅलेसेमियासाठी लग्नापूर्वी तपासणीची सक्ती झाली, पण तिच्याबरोबर सल्ला आणि गर्भाची तपासणीही मिळू लागली. तिथे आजारी बाळांचा जन्म जवळजवळ थांबला. आणि लक्षात घ्या, वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडले नाही.

आपल्याकडे शिक्का कुणावर बसतो, हे वेगळे सांगायला नको. मुलगा वाहक असला तर ‘पाहू’ म्हणतात, मुलगी वाहक असली तर ‘पोरीत खोट हाय’ म्हणतात. आजारी मूल झाले तर सासू सुनेकडे बोट दाखवते. वास्तविक मूल रुग्ण असेल तर बिघडलेली एक प्रत बापाचीही असतेच, त्यावाचून तो आजार होत नाही. हे वाक्य सासू-सासऱ्यांच्या समोर, नवऱ्याच्या समोर, मोठ्याने म्हटले गेले पाहिजे. एवढ्याने एखादीचा संसार वाचतो. तपासणीचा निकाल सांगताना मात्र आधी त्या व्यक्तीलाच एकटीला सांगावा. चारचौघांत नाव पुकारून कार्ड वाटणे चुकीचे आहे.

दोन वाहकांनी लग्न केलेच असेल, तर वाट बंद होत नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन किंवा चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भजल तपासून बाळ रुग्ण आहे का ते कळू शकते. ही सोय तालुक्याला नाही, मोठ्या शहरात जावे लागते, म्हणून दिवस गेल्याचे कळताच निघावे. गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्यातही अशा तपासणीला आणि ‘जनुकीय समुपदेशन केंद्रा’ला नोंदणीच्या अटीवर मान्यता आहे. मुलगा की मुलगी हे सांगणे तेवढे गुन्हा. तपासणी केल्यावर काय करायचे ते जोडप्याने ठरवायचे. काही जोडपी म्हणतात, ‘आम्हाला तपासायचेच नाही, पण बाळ आजारी निघाले तर पहिल्या दिवसापासून औषध हवे.’ तोही निर्णयच आहे, आणि त्याला तयारी लागते. जन्मतः तपासणी, लसी, फॉलिक अॅसिड, ताप आला की थांबायचे नाही, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने कळांचे झटके बऱ्याच जणांत कमी होतात, मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. परदेशात २०२३ अखेर जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च कोटींच्या घरात आहे, किनवटच्या माणसाने त्यावर आज भिस्त ठेवू नये.

रुग्णांच्या काही हक्कांचीही माहिती असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. उपचारासाठी एसटीचा प्रवास मोफत, दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, या गोष्टी मिळतात. अर्ज करावा लागतो, घरबसल्या कुणी आणून देत नाही.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया, जन्मतः मतिमंदत्व असलेले मूल, एकाच घरात अनेक बायकांना झालेला स्तनाचा कर्करोग, या सर्वांसाठी जनुकीय समुपदेशन उपयोगी पडते. आपल्या भागात त्याची गरज सिकलसेलमुळे आधी आली इतकेच.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपली सोयरीक पेनगंगेपलीकडे उमरखेड, पांढरकवड्याला होते, इकडे आदिलाबादला होते. तिकडची तपासणी वेगळ्या जिल्ह्यात, वेगळ्या राज्यात झालेली असते आणि तिचा कागद आपल्या दवाखान्यात नसतो. म्हणून गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, मांडवीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पुढे नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय महाविद्यालयात सल्ल्यासाठी जाल तेव्हा दोघांचीही कार्डे आणि मूळ अहवाल सोबत घ्या. झेरॉक्स असेल तरी चालेल. साखरपुड्याच्या आधी जा, लग्नपत्रिका छापल्यावर नको. आणि मुलाच्या वडिलांबरोबर आईलाही न्या. मामाकडच्या कोणत्या लेकराचे हातपाय सुजत होते, ते तिलाच ठाऊक असते.