मैदानाचा रस्ता वर्गातूनच जातो

(हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, संयोजकांनी मला खेळावर बोलायला सांगितलं आहे. मी मात्र आज कागदांवर बोलणार आहे. थोडं कंटाळवाणं वाटेल, पण ऐकून घ्या. आपल्या गावाकडची मुलं मैदानावर हरतात त्यापेक्षा जास्त वेळा कागदावर हरतात. मीही तिथंच हरलो.

मी व्हॉलीबॉल खेळायचो. शाळेत असताना विभागीय पातळीपर्यंत गेलो होतो. बारावी झाली आणि घरची गरज म्हणून जालन्यात एका गॅरेजवर कामाला लागलो. पदवीसाठी फॉर्म भरला तो बहिःस्थ म्हणून. वाटलं, कामही होईल आणि पदवीही मिळेल. संध्याकाळी एका कॉलेजच्या मैदानावर खेळायला जायचो. तिथल्या क्रीडा शिक्षकांना माझा खेळ आवडला. त्यांनी विचारलं, "कुठल्या वर्गात आहेस?" मी म्हणालो, "सर, बहिःस्थ आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग तुला संघात घेता येणार नाही, बेटा." त्यांचा दोष नव्हता, नियमच तसा होता. मला तो नियम दोन वर्षं आधी कुणी सांगितला असता, तर मी सकाळचं कॉलेज आणि दुपारनंतरचं काम असं काहीतरी जुळवलं असतं. आज तुम्हाला तो आधी सांगावा, एवढ्यासाठीच मी आलो आहे.

कॉलेजचा खेळाडू म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आपला जालना जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत येतो. तुमचं कॉलेज आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतं. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या देखरेखीखाली होतात आणि पात्रतेचे नियमही तोच ठरवतो. खेळाडू पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी हवा. त्याचा प्रवेश पक्का झालेला हवा, तात्पुरता चालत नाही. अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा हवा. पूर्णवेळ नोकरी करणारा यात बसत नाही. वय 17 ते 25 च्या दरम्यान हवं. शिवाय बारावी झाल्यावर किती वर्षं खेळता येतं, यालाही मर्यादा आहे. म्हणजे बारावीनंतर तीन-चार वर्षं कामात घालवून मग खेळायला येऊ म्हणाल, तर घड्याळ तुमच्यासाठी थांबलेलं नसतं.

शाळेतही हेच आहे. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. एखादा मुलगा दोनदा नापास झाला, तर त्याचा वर्ग मागे राहतो आणि वय पुढे जातं. बारावीत पोचेपर्यंत तो गटातून बाद होतो. "खेळात आहे, अभ्यास कशाला?" असं म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

बाहेरच्या देशातही वेगळं नाही. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाला फार मोठा मान आहे. तिथं सर्वांत वरच्या श्रेणीच्या कॉलेजकडून खेळायचं असेल, तर शाळेच्या शेवटच्या चार वर्षांत इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे असे 16 मुख्य अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात आणि त्यांत 4 पैकी किमान 2.3 ची सरासरी लागते. त्या 16 पैकी 10 शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच संपवावे लागतात. म्हणजे तिथल्या मुलाची मोजणी नववीपासून सुरू होते. आपल्याकडे हे नियम बारावीच्या निकालानंतर कळतात.

आता सवलतींकडे येऊ. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना राज्य मंडळाकडून सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त 25. पण ते आपोआप मिळत नाहीत. प्रमाणपत्र जोडून शाळेमार्फत मुदतीत अर्ज करावा लागतो आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची शिफारस लागते. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत जिंकलेली फूटभर उंचीची ट्रॉफी इथं उपयोगाची नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्रच चालतं. ट्रॉफी जरूर जिंका, पण शाळेच्या संघातही नाव घाला.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. 2005 पासून ते लागू आहे. कुठल्या गटातल्या पदाला कुठल्या दर्जाची कामगिरी लागते, ते 2016 च्या शासन निर्णयात दिलं आहे. मात्र त्या पदाचं शिक्षण पूर्ण असावं लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे. कुणी पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणाला, तर त्याच्या दारातही उभे राहू नका.

पडताळणीवरून आपल्या घरातली गोष्ट सांगतो. आपल्यापैकी किती जणांचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं आहे? शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर नुसतं 'मो.'. 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग बापाचं वेगळं, भावाचं वेगळं, आपलं तिसरंच. मुलीच्या नावापुढे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर काहीच नाही. जन्मतारीख तर पुष्कळ घरांत 1 जूनच! शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी सोयीची वाटली ती लिहिली. खेळात वयोगटाला एवढं महत्त्व असताना ही तारीख आणि हे नाव फार महाग पडतं. शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्ती करून घ्या. शाळा सुटल्यावर तेच काम दहापट अवघड होतं.

मदरशात शिकलेले काही भाऊ इथं बसले आहेत. त्यांनीही दार बंद आहे असं समजू नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी आणि बारावी करता येते आणि त्यावर नियमित कॉलेजात प्रवेश घेता येतो. फक्त वयाकडे लक्ष ठेवा.

आता मुलींशी आणि त्यांच्या अम्मी-अब्बांशी बोलतो.

निजामाबाद इथून फार लांब नाही. आपला मराठवाडा आणि ते, दोन्ही एकेकाळी एकाच हैदराबाद संस्थानात होते. तिथली निखत जरीन बॉक्सिंग करायला लागली, तेव्हा ती शॉर्ट्स घालते म्हणून लोक बोलले. तिचे अब्बा तिच्या मागे उभे राहिले. पुढे ती हैदराबादच्या कॉलेजात शिकली आणि 2015 मध्ये जालंधरला झालेल्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत सुवर्णपदक जिंकली. 2022 मध्ये इस्तंबूलला ती जगज्जेती झाली, 2023 मध्ये दिल्लीत पुन्हा झाली. मधल्या त्या कॉलेजच्या पदकाकडे लक्ष द्या. ती नियमित विद्यार्थिनी होती, म्हणूनच त्या रिंगमध्ये उतरू शकली.

मी ज्या नियमामुळे बाहेर राहिलो, तोच नियम मुलींच्या हातात मोठं हत्यार आहे, असं आज मला वाटतं. घरात म्हणतात, "शिक, पण घरी बसून शिक. फॉर्म भर, परीक्षेला जा, रोज कॉलेजला जायची काय गरज?" मुलीला दुसरं काही बोलता येत नसेल, तर तिनं एवढंच म्हणावं, "अब्बा, मी कबड्डीत विद्यापीठाच्या संघात येऊ शकते. त्यासाठी मला रोज कॉलेजला जावं लागेल. नियमच तसा आहे." बारावीच्या निकालानंतर लगेच येणाऱ्या स्थळाला दिलेलं ते उत्तरही आहे. आणि अब्बा लोकांना माझी विनंती आहे, मुलीनं हे सांगितलं तर रागावू नका. कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना एकदा जाऊन भेटा. सराव किती वाजता, एसटी कुठली, स्पर्धेला बाहेर गेल्यावर सोबत बाई आहेत का, हे सगळं विचारा. विचारणं तुमचा हक्क आहे. विचारायच्या आधीच 'नाही' म्हणणं हा मुलीवर अन्याय आहे.

मुलांनाही एक सांगतो. कापूस वेचणीचे दिवस आणि कॉलेजच्या स्पर्धांचे दिवस जवळजवळ एकच असतात. घरच्या कामाला 'नाही' म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे. पण जूनमध्येच घरात बसून ठरवता येतं की त्या पंधरा दिवसांत कोण काय करेल. माझ्या घरी तसं कुणी बसलं नाही. मीही कुणाला बसवलं नाही.

तर आज घरी जाऊन एक प्लास्टिकची फाइल घ्या. त्यात जन्माचा दाखला, आधार, गुणपत्रिका आणि खेळाची सगळी प्रमाणपत्रं ठेवा. सगळ्यांवरचं नाव आणि तारीख अक्षर न अक्षर जुळवून पाहा. जुळत नसेल, तर सोमवारी शाळेत जा. आठवी-नववीतली भावंडं असतील, तर त्यांचीही फाइल तुम्हीच करा.

मला आज पंचवीसच्या आत परत जाता येत नाही. तुम्ही अजून आत आहात.