डोंगरावरच्या मुलांना पुस्तकाबाहेरची शाळा
(पाटण येथे शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत झालेले भाषण)



पोराला आधी दहावी पास होऊ द्या, मग खेळ, सहली नि गाणी-बजावणी, असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. म्हणणाराचा हेतू वाईट नसतो. पाटणच्या पेठेतल्या मुलाला हे बोलणे एक वेळ लागू पडेल. कोयनेच्या जलाशयाकाठच्या धनगरवाड्यावरून आलेल्या मुलाला ते अगदी उलटे लागू पडते. तो आठवीत येऊन बसतो तेव्हा वर्गाची बोली निराळी, रीत निराळी आणि पुस्तकात त्याच्या घराचे नावनिशाणही नाही. म्हशीची जात, रानातले कंद, पावसाची चाहूल, एवढे सारे त्याला ठाऊक. पण ते येथे कोणी विचारीत नाही. मग तो गप्प बसतो, आणि एके दिवशी गुरांमागे जातो तो परत येत नाही. आपण म्हणतो, गणितात कच्चा होता! गणिताने त्याला घालविले नाही. 'तुझे येथे काही नाही' हे जे त्याला न बोलता रोज सांगितले गेले, त्याने घालविले.

रानाच्या आधाराने जगणाऱ्या लोकांच्या मुलांविषयी मी बोलत आहे. सरकारच्या यादीत कातकरी अनुसूचित जमातींत येतात, गवळी धनगर भटक्या जमातींत. यादीचा वाद जेथे चालावयाचा तेथे चालो. मुलाची भूक यादी पाहून लागत नाही. मात्र एक अडचण खरी. २०११ च्या जनगणनेत आपल्या सातारा जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लोक शंभरी जेमतेम एक भरले. जेथे वस्ती दाट, त्या नंदुरबार-गडचिरोलीकडे आश्रमशाळा पुष्कळ. आपल्याकडे घर येथे एक, तेथे दोन. म्हणून येथील काम येथल्याच लोकांना अंगावर घ्यावे लागेल.

संधी मिळाली तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहा. तेथील आदिवासी आश्रमशाळांतली मुले-मुली निवडून त्यांना गिर्यारोहणाचे शिक्षण दिले, दार्जिलिंगला नेले, लडाखच्या थंडीत राहावयास लाविले. आणि मे २०१८ मध्ये त्यांतले पाचजण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. त्यांत एक मुलगी होती. त्यांचे पाय, त्यांचा दम हा काही सरकारने दिला नव्हता. तो त्यांच्या घरचाच होता. सरकारने वाट दाखविली, दोर दिला, अंगावर उबदार कपडा दिला. तेवढ्यानेच केवढा फरक पडला! आपल्या धनगरवाड्यावरची पोर रोज चढ-उतार करून शाळेस येते, तिला आपण काय म्हणतो? उशिरा आली, बाहेर उभी राहा!

ही काही नवी कल्पना नव्हे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी लिहून दिले की शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरावयास ज्याला लाज वाटत नाही असा माणूस पाहिजे. शेजारच्या कऱ्हाड तालुक्यात काले येथे १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवली, स्वतःची कामे स्वतः केली. एकत्र राहणे, राबणे, बोलणे हाही त्यांच्या अभ्यासाचाच भाग होता.

आता आपल्या घरच्या गोष्टी पाहा. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप येथल्या म्हाताऱ्या माणसांच्या अजून अंगावर येतो. त्या भूकंपाचा जगभरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल भोक पाडून झाले, जमिनीच्या पोटात काय चालते ते तपासण्यासाठी. त्याची प्रयोगशाळा कऱ्हाडजवळ आहे. १९९९ आणि २०१२ साली जलाशयाच्या तळाला आतून छिद्र पाडून पाणी घेतले गेले. २०१२ सालीच कोयनेचे अभयारण्य जागतिक वारशात गेले. ज्या रानातून मुलगा चालत येतो ते रान जगाचा ठेवा ठरले, आणि त्या मुलाला ही बातमी शाळेत कोणी सांगितली काय? त्याच्या बापजाद्यांची गावे ज्या पाण्याखाली गेली, त्या पाण्याची वीज कशी होते हे त्याने पाहिले पाहिजे. पाहून आल्यावर त्याने विचारलेले प्रश्न मास्तरांना जड जातील, जाऊ देत.

संस्कृतीच्या नावाखाली एक खोड मात्र मोडली पाहिजे. पाहुणे आले की डोंगरातल्या मुलांना रंग फासून, पिसे खोवून नाचवावयाचे, टाळ्या पिटावयाच्या, नि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बोलीला हसावयाचे! ह्याला मान देणे म्हणत नाहीत, ही तमाशाची हौस झाली. डहाणूकडे वारल्यांच्या झोपडीच्या भिंतीवरचे चित्र जिव्या सोमा मशे ह्यांनी कागदावर आणले, ते जगभर गेले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते चित्र आधीही तेवढेच चांगले होते. तेव्हा धनगरवाड्यावरचा ढोल शाळेत यावयाचा असेल तर वाजविणारा म्हातारा गुरू म्हणून यावा, खुर्चीवर बसावा, आणि वाण्याच्या, मराठ्याच्या, सुताराच्या मुलांनीही त्याच्यापाशी ताल शिकावा.

कारागीर बंधूंना माझे वेगळे मागणे आहे. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, बुरुडाची पाती ही सारी विज्ञानाचीच साधने. आठवड्यातून अर्धा दिवस आपले दुकान मुलांना उघडे ठेवा. त्याबद्दल शाळेने तुम्हांला मोबदला द्यावा, फुकट राबवू नये; गरिबाच्या विद्येला किंमत नाही हा धडा मुलांना देऊ नका.

मुलींविषयी सांगतो. सहलीला मुलगा जातो, मुलीला घरी ठेवितात. तिच्याबरोबर एखादी आई किंवा शिक्षिका जावी, मुक्कामाची जागा आधी पाहून यावी, मग हरकत कसली? चंद्रपूरच्या आईनेही आपली लेक बर्फात धाडलीच ना!

खर्च कोठून, असे कोणी विचारील. प्रयोगशाळेला पत्र लिहिण्यास पैसा पडत नाही. आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे २००९ चा कायदा सांगतो; त्या जागेवर बसून आपण आजवर काय केले? सही केली, चहा घेतला, घरी आलो. येत्या बैठकीत तेथे एवढे मांडा: वाड्यावरच्या मुलांच्या जाण्यायेण्याची सोय, वर्षातून दोन सहली आणि गावच्या जाणत्यांचा तास. हायस्कूलच्या हेडमास्तरांकडे चौघे मिळून जा. एकट्याचे म्हणणे विसरले जाते. धनगरवाड्यावरून आज आलेले जे पालक मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावे आणि मुलांची नावे व इयत्ता येथे टेबलावर लिहून द्यावीत; ज्यांना लिहिता येत नाही त्यांची मी लिहून घेतो.