बेगोनियाला कुंडी बेताची, खत बेताचं

आमच्या गटाने विक्रीसाठी बेगोनिया लावले होते. लवकर भरावेत म्हणून मी ते थेट मोठ्या कुंड्यांत हलवले, वर खतही घातलं. पंधरा दिवसांत निम्मी रोपं बुडाशी कुजली. पैसा सगळ्यांच्या बचतीतला होता, म्हणून माझी चूक सांगते.

बेगोनियाची मुळं बारीक आणि वरवर पसरणारी असतात. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते आणि मुळं सडतात. म्हणून मुळं खालच्या भोकातून डोकावू लागली की मगच कुंडी बदला, तीही थंडी सरल्यावर. नवी कुंडी जुन्या कुंडीपेक्षा इंच-दीड इंचच जास्त रुंद घ्या, खोल नको. माती, कुजलेला पालापाचोळा आणि वाळू मिसळून भरा, दाबू नका.

त्यानंतर महिनाभर खत नाही. मग पंधरवड्यातून एकदा, एक पेला व्हर्मीवॉश दहा पेले पाण्यात मिसळून द्या. माती कोरडी असेल तर आधी साधं पाणी घाला. थंडीत वाढ मंदावली की खत बंद.

पाणी रोजच्या सवयीने घालू नका. मातीत बोट घालून बघा, वरचा थर सुकला असेल तरच द्या.

उरलेली रोपं आम्ही अशीच सांभाळली. त्यांच्याच फांद्या लावून आता पुन्हा विक्रीला रोपं तयार होताहेत.