रायगड ते जिंजी : बदलत्या काळातले नेतृत्व



बदलत्या काळात नेत्याने स्वतःला कसे बदलावे, हा विषय संयोजकांनी दिला आणि मला इ. स. १६८९ हे साल आठवले. आज कारखान्यातले तंत्र पाहता पाहता जुने होते, पतपेढीचा व्यवहार खातेवहीतून मोबाइलवर गेला, आणि संस्था चालवणारी मंडळी विचारतात : आता धरायचे काय आणि सोडायचे काय? १६८९ मध्ये हाच प्रश्न एका अख्ख्या राज्यापुढे आला आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे फार थोडा वेळ होता. त्या काळाकडे आपण पराक्रमाची गाथा म्हणून पाहतो, आणि ते रास्तच आहे. मला आज बोलायचे आहे ते त्यामागच्या निर्णयांविषयी.

प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. १ फेब्रुवारीला संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. मार्च सरता सरता मोगल सरदार इतिकादखानाने रायगडाला वेढा घातला. हाच पुढे झुल्फिकारखान म्हणून ओळखला गेला. नोव्हेंबरात रायगड पडला. त्याआधी विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये बुडाले होते. ती दोन्ही राज्ये शतकाहून जुनी होती; राजधानी पडली, सुलतान कैद झाला आणि राज्य संपले. मराठ्यांचेही तसेच होईल हा औरंगजेबाचा हिशेब अनुभवावर बेतलेला होता. तो चुकला याचे पहिले श्रेय मी संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंना देतो.

महाराज कैदेत जिवंत असतानाच, पकडले गेल्यानंतर पंधरवड्याच्या आत, रायगडावर त्यांचे धाकटे भाऊ राजाराम यांना मंचकावर बसवण्यात आले. राजाराम तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. येसूबाईंचे चिरंजीव शाहू सात वर्षांचेही नव्हते. थोरल्या घराण्याचा हक्क सांगत बसायला ती वेळ नव्हती, हे ज्या आईने ओळखले, तिच्या मनाची कल्पना करून पाहा. पुढचा निर्णय त्याहून कठीण होता. सगळे राजकुटुंब एकाच गडावर अडकू नये म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला राजाराम वेढ्यातून बाहेर पडले आणि येसूबाई शाहूंसह मागे राहिल्या. हा सल्ला त्यांचाच होता, असे बखरी सांगतात. त्याची किंमत त्यांनी मोगलांच्या कैदेत जवळपास तीस वर्षे मोजली. त्या परत आल्या १७१९ मध्ये. परिस्थितीप्रमाणे बदलणारा नेता असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा वाऱ्याची दिशा पाहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. येसूबाईंनी मात्र स्वतःचे सर्वस्व सोडले आणि राज्य धरून ठेवले.

राजाराम प्रतापगड, पन्हाळा करीत, केळदीच्या राणी चेन्नम्मांच्या मुलखातून वर्षाअखेरीस जिंजीला पोहोचले. जिंजी का? कारण शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात, १६७७ मध्ये, तो किल्ला घेतला होता आणि मजबूत करून ठेवला होता. रायगडापासून इतक्या दूरच्या किल्ल्यावर एवढा खर्च कशाला, असे त्या वेळी कुणाच्याही मनात आले असते. बारा वर्षांनी तोच किल्ला राजधानी झाला आणि पुढे आठ वर्षे त्याच्याभोवती मोगलांची मोठी फौज गुंतून पडली. संकटात चपळाईने हलता येते, ते आधीच्या पिढीने हलायला जागा करून ठेवलेली असते म्हणून. संस्थेच्या सुबत्तेच्या वर्षांत अशी जागा कोण करून ठेवतो, हे आपण फारसे विचारत नाही. ते विचारले पाहिजे.

राजा जिंजीला, मग महाराष्ट्रात कारभार कोणी करायचा? इथे राजारामांनी केलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ करून त्यांनी इकडचा जवळजवळ सगळा अधिकार त्यांच्या हाती दिला. जोडीला शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक होते. अष्टप्रधानांत नसलेले ‘प्रतिनिधी’ हे नवे पद काढून ते प्रल्हाद निराजींना दिले. रणांगणावर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांना मोकळीक होती. प्रत्येक हुकमासाठी जिंजीकडे डोळे लावून बसण्याचे कारण उरले नाही, आणि १६९२ पर्यंत राजगड, तोरणा, पन्हाळा परत आले. पुढे राजारामांच्या पत्नी ताराबाईंच्या काळात तर बादशहा एकेक किल्ला वेढायचा, किल्लेदार तो लढवायचे, पावसाळा तोंडावर आला की पैसे घेऊन खाली करायचे, आणि बादशाही छावणी दूर गेली की पुन्हा घ्यायचे. किल्ला दिला म्हणजे अब्रू गेली, ही समजूत त्यांनी बाजूला ठेवली.

आता या कथेची दुसरी बाजू. शिवाजी महाराजांचा कटाक्ष रोख पगारावर होता; नवी वतने देण्याच्या ते विरुद्ध होते. १६८९ नंतर खजिना रिकामा झाला आणि मोगल मराठा सरदारांना मनसबी देऊ करत होते. सरदार टिकवायचे तर हाती देण्यासारखे एकच उरले होते : वतन, तेही अजून न जिंकलेल्या मुलखातले. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या पत्रात तर जिंकायच्या ठिकाणांत दिल्लीचेही नाव आहे. या धोरणाबद्दल राजारामांना दोष देणारे अभ्यासक आहेत. मला तो दोष मान्य नाही, कारण तसे केले नसते तर दोष द्यायलाही राज्य उरले नसते. दोष पुढच्यांचा आहे. अडचणीच्या काळातली सोय अडचण संपल्यावरही कायम राहिली, तिची सरंजामी पद्धत झाली, आणि सरदार आपापल्या मुलखाचे धनी होत गेले. ज्या अमात्यांच्या कारभारात ही वतने दिली गेली, त्यांचेच म्हणून ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ वतनदारांच्या वृत्तीपासून राजाला सावध करते. दोन्ही वेळा अमात्य बरोबर होते, असे माझे मत आहे.

आणि एक अपयशही सांगितले पाहिजे. पद्धती बदलणाऱ्या राजारामांना संताजींसारखा करड्या शिस्तीचा, स्पष्टवक्ता सेनापती सांभाळता आला नाही. दोड्डेरीला मोगल सरदार कासिमखानाचा पाडाव करणाऱ्या संताजींशी वर्षभरात बेबनाव झाला, सेनापतिपद धनाजींकडे गेले, आणि जून १६९७ मध्ये संताजी मारले गेले. जानेवारी १६९८ मध्ये जिंजीही पडली. राजधानी बदलण्यापेक्षा आपल्याच तोलामोलाच्या माणसाचा कडवट शब्द ऐकून घेणे राजारामांना जड गेले. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक संस्थांचे दुखणेही नेमके इथेच आहे.

तरीही, २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजारामांचे निधन झाले तेव्हा राज्य थांबले नाही. पंचवीस वर्षांच्या ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली आणि मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला, तोवर दख्खन त्याच्या हाती आलेले नव्हते.

इथे संस्था चालवणारी पुष्कळ मंडळी बसली आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. अडचणीच्या वर्षात जी सूट द्याल, जो नियम वाकवाल, त्याच ठरावात तो पुन्हा कधी तपासायचा ती तारीख लिहून ठेवा, आणि ती तारीख आली की विषय सभेपुढे आणा.