नव्या यंत्रणेची परीक्षा कोणीं घ्यावी?



एखाद्या कचेरींत किंवा व्यापारी पेढींत जुनी व्यवस्था मोडून नवें सॉफ्टवेअर आणावयाचें ठरलें, म्हणजे त्याची परीक्षा बहुधा दोघे घेतात : एक तें तयार करणारा तंत्रज्ञ आणि दुसरा तें विकत घेणारा अधिकारी. ज्याला दिवसभर त्यावर काम करावयाचें असतें, त्या कारकुनाची आठवण मात्र अगदीं शेवटीं होते. ही उपेक्षा किती महाग पडते, हें आज एका उदाहरणानें आपणांपुढें मांडावयाचें आहे.

कॅनडाच्या केंद्र सरकारनें आपल्या नोकरवर्गाचें वेतन काढण्यासाठीं ‘फीनिक्स’ नांवाची संगणक-प्रणाली बसविली. जुनी व्यवस्था जीर्ण झाली होती, तेव्हां ती बदलण्याचा हेतु गैर नव्हता. शिवाय वर्षाला सुमारें ७ कोटी डॉलर वांचतील अशी आशा होती. या कामासाठीं १५.५ कोटी डॉलर मंजूर झाले होते. परंतु २०१२ सालीं आय. बी. एम. कंपनीनें २७.४ कोटींचा अंदाज दिला. तेव्हां अधिक पैसे मागण्याऐवजीं अधिकाऱ्यांनीं कामांतच काटछाट केली. वेतनासंबंधींचीं शंभराहून अधिक कामें प्रणालींतून गाळलीं किंवा पुढें ढकललीं. मागील तारखेपासून लागू होणाऱ्या वेतनाचा हिशेब हें त्यांतलेंच एक. एका खात्यांत आधीं प्रयोग करून पाहण्याचा बेत होता, तोहि रद्द झाला. आणि याच सुमारास खात्याखात्यांतील अनुभवी वेतन-कारकून काढून, निम्म्याहून कमी माणसांवर मिरामिशी येथील एका केंद्रांत सारा भार टाकण्यांत आला.

२०१६ च्या फेब्रुवारींत व एप्रिलांत प्रणाली चालू झाली. सुमारें २,९०,००० माणसांचा चरितार्थ तिच्यावर अवलंबून होता. कोणास पगार कमी मिळाला, कोणास जास्त, कोणास मुळींच नाहीं. घरभाड्याचे व कर्जाचे हप्ते मात्र कोणासाठीं थांबत नाहींत. २०१८ सालीं तेथील महालेखापरीक्षकांनीं हें अपयश अनाकलनीय ठरविलें.

यांतून काय घ्यावें? तंत्रज्ञाची चाचणी एवढेंच पाहते कीं, यंत्र सांगितल्याप्रमाणें चालतें कीं नाहीं. परंतु मुळांत सांगितलें तेंच अपुरें असेल, तर तें तंत्रज्ञास कसें कळावें? तें कळतें त्या टेबलावर बसणाऱ्यास. ज्याचें जळतें त्याला कळतें, असें आपण म्हणतों तें यासाठींच.

म्हणून नवें सॉफ्टवेअर घेणाऱ्यानें चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, परीक्षेस प्रत्यक्ष काम करणारीं माणसें बसवावींत; केवळ हुशार तरुणच नव्हेत, तर सावकाश शिकणारा जुना कारकूनहि. १९९३ सालीं नील्सन व लँडाउअर यांनीं हिशेबानें दाखविलें कीं, थोड्याच माणसांच्या चाचणींतहि पुष्कळ दोष उघड होतात. मात्र निरनिराळें काम करणाऱ्या प्रत्येक वर्गांतील माणसें हवींत. दुसरी, त्यांना सोपीं उदाहरणें न देतां नित्याचीं अवघड प्रकरणें द्यावींत : महिन्याच्या मध्यावर झालेली बदली, बिनपगारी रजा, मागून मिळालेली बढती. तिसरी, पाहणाऱ्यानें मुकाट्यानें पाहावें. शिकविण्याची संवय ज्यास आहे, त्यास हें किती कठीण जातें तें मी जाणतों. पण कारकून जेथें अडखळला, तेथें त्याचा कान न धरतां यंत्राचा धरावा. चौथी, जुना हिशेब व नवा हिशेब कांहीं काळ शेजारींशेजारीं चालवावा आणि दोहोंचा मेळ बसेपर्यंत जुना बंद करूं नये.

यास वेळ व पैसा लागतो, हें खरें. परंतु परीक्षा टाळल्यानें दोष टळत नाहींत. ते केवळ अधिकाऱ्याच्या टेबलावरून उठून गरिबाच्या घरीं जाऊन बसतात. आणि ज्या परीक्षेंत नापास करण्याची मुभाच नाहीं, ती परीक्षा नव्हे. तारीख ठरली आहे, निमंत्रणें गेलीं आहेत, तरीहि कारकून ‘हें अजून चालत नाहीं’ म्हणाला तर थांबण्याचें धैर्य वरिष्ठांत असलें पाहिजे. तें नसेल, तर चाचणीचा सगळा खटाटोप व्यर्थ होय.