सापांचा तक्ता आणि छापील रंग



पावसाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाकाठच्या गावांत मण्यार घरात, थेट अंथरुणापर्यंत येते. म्हणून पुष्कळ गुरुजी संगणकावर चित्रे जुळवून सापांचा तक्ता शाळेतच छापतात. काम चांगले, पण रंग चुकले तर फसगत होते. मण्यार निळसर काळी. तिचे बारीक पांढरे पट्टे मानेकडे पुसट, शेपटीकडे ठळक. बिनविषारी कवड्या तपकिरी; त्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. तक्ता काळपट छापला की कवड्याही काळा, आणि मण्यारीचे पुसट पट्टे नाहीसे! मुलांनी ओळखायचे काय?

आपण म्हणतो, "पडद्यावर तर झकास दिसत होते." आता बघा, पडदा दिव्यासारखा स्वतः उजेड देतो, कागद अंगावर पडलेला उजेडच परत करतो. पडद्याची भाषा तांबडा, हिरवा, निळा या उजेडांची. छपाईयंत्राची भाषा शाईची. गुरुजींची मराठी माडिया मुलाला उलगडून सांगणारा दुभाषा लागतो ना? तसाच या दोन भाषांमधला दुभाषा म्हणजे प्रोफाइल. यंत्रासोबत येणारे प्रोफाइल कंपनीच्या स्वतःच्या कागदासाठी असते. आपला कागद निराळा; त्याचा पांढरेपणा निराळा, शाई पिण्याची रीतही निराळी. म्हणून आपल्या कागदाचे प्रोफाइल आपणच करावे.

पण त्याआधी पडदा मंद करा. छापील चित्र काळपट वाटण्याचे कारण बहुधा पडद्याचा झगझगाट हेच असते. मापक असल्यास दर चौरस मीटरला सुमारे १०० कँडेला ठेवा. नसल्यास खिडकीच्या उजेडात कोरा कागद पडद्याशेजारी धरा आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ दिसेपर्यंत उजेड उतरवा.

मग रंगांच्या चौकटींचा नमुना त्याच कागदावर, त्याच शाईने छापा. या वेळी यंत्राची रंगदुरुस्ती बंद ठेवा. ती चालू राहिली तर मोजमाप खोटे ठरते. नमुना दिवसभर वाळू द्या. नंतर रंगमापक यंत्राने चौकटी मोजून संगणक प्रोफाइल तयार करतो. हे यंत्र महाग असते; चार शाळांनी मिळून आणावे किंवा छायाचित्रकाराकडून मोजून घ्यावे.

आता तक्ता छापा आणि दिवसाच्या उजेडात दाराशी पाहा, पिवळ्या दिव्याखाली नव्हे. अजून काळपट वाटला, तर आधी फक्त उजळपणा थोडा वाढवा. रंगाला हात नंतर. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत टिपून ठेवा. कागद किंवा शाई बदलली की प्रोफाइल नव्याने करा.

शेवटी एक सांगतो. तक्ता शिकण्यासाठी आहे. साप चावल्यावर तक्ता पाहत बसू नका. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, खूणही कित्येकदा दिसत नाही. रुग्णाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. तिथले औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. साप ओळखता आला नाही म्हणून कुणाचे उपचार थांबत नाहीत.